ढगांआडची जमीन पाहणाऱ्या स्त्रिया

सालेकसा तालुक्यात आषाढ-श्रावणात रोवणी चालू असते, तेव्हा आकाश आठवडा-आठवडा उघडत नाही. दरेकसाच्या डोंगरांवर, हाजरा धबधब्याच्या माथ्यावर, कचारगडच्या गुहांभोवतीच्या जंगलावर ढगांचा मुक्काम असतो. शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी नेमक्या याच दिवसांत घडतात. कुणाच्या बांधीत पाणी साठले, कुणाची रोवणी उरकली, कुणाचे पऱ्हे पावसाची वाट पाहत पिवळे पडले, कोणता मामा तलाव भरला आणि कोणता अर्धाच राहिला, हे सारे त्या पंधरा-वीस दिवसांत ठरते. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह तेव्हा वरून गेला, तर त्याच्या छायाचित्रात ढगांचा पांढरा थर तेवढा येतो.

३० जुलै २०२५ रोजी संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही अग्निबाणाने एक उपग्रह कक्षेत नेला. त्याला ही अडचण येत नाही. त्याचे नाव निसार, म्हणजे नासा आणि इस्रो यांचे संयुक्त रडार. जमिनीपासून सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून तो फिरतो आणि दर बारा दिवसांनी त्याच वाटेने पुन्हा येतो. सूर्यप्रकाशाची त्याला गरज नाही. अंधारात विजेरी घेऊन चालणाऱ्या माणसासारखा तो आपला उजेड आपणच पाडतो. हा उजेड डोळ्यांना दिसणारा नसतो, त्या सूक्ष्मलहरी असतात. त्या ढगांमधून सहज आरपार जातात, जमिनीवर आदळतात आणि जे परत येते त्यावरून खालचे चित्र तयार होते.

हे चित्र वाचायचे कसे? बांधीत नुसते पाणी भरलेले असेल, तर गुळगुळीत पाण्यावरून लहरी दुसऱ्याच दिशेला निघून जातात. उपग्रहाकडे काहीच परतत नाही आणि चित्रात ती बांधी काळी दिसते. रोवणी होऊन धान वाढू लागले, की लहर आधी पाण्यावर आणि मग उभ्या काडीवर आपटून मागे फिरते. तीच बांधी पुढच्या चित्रांत उजळत जाते. एकाच शेताची ओळीने घेतलेली चार-पाच चित्रे समोर ठेवली, की रोवणी कोणत्या पंधरवड्यात झाली याचा अंदाज बांधता येतो.

जंगलाची गोष्ट याहून वेगळी आहे. निसारवर दोन रडारे आहेत. एकाच्या लहरी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या. पाने त्यांना अडवत नाहीत, त्या पानांच्या छतातून आत शिरतात आणि खोडांवरून व जाड फांद्यांवरून परततात. दुसऱ्याच्या लहरी साधारण १० सेंटिमीटरच्या, त्या वरच्या बारीक फांद्यांमध्येच विखुरतात. दोन्ही चित्रे एकमेकांशेजारी ठेवली, की जंगलात लाकूडफाटा किती आहे आणि वर्षभरात तो वाढला की घटला, हे कळू लागते. जंगलावर ज्याचे पोट अवलंबून आहे त्या तालुक्याला ही माहिती उपयोगाची आहे.

लांब लहरींचे रडार कॅलिफोर्नियातल्या पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने, म्हणजे जेपीएलने बनवले. आखूड लहरींचे रडार अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने तयार केले. दोन्ही देशांचा करार २०१४ साली झाला. मार्च २०२३ मध्ये ही यंत्रणा विमानाने बंगळुरूला आली आणि तिथे उपग्रहाच्या सांगाड्यावर बसवली गेली. रडारची १२ मीटर व्यासाची जाळीदार छत्री पुढे एकदा कॅलिफोर्नियाला परत नेऊन, विशेष लेप देऊन पुन्हा आणावी लागली. वर्षानुवर्षे दोन देशांतले अभियंते एकाच यंत्राभोवती वावरत होते. जेपीएलच्या बाजूने या प्रकल्पाच्या उपव्यवस्थापक होत्या वेंडी एडेलस्टाइन.

आजचे अवकाशविज्ञान असेच चालते. एका देशात यंत्र घडते, दुसऱ्या देशातून ते उडते आणि तिसऱ्या देशात त्याची माहिती तपासली जाते. साहजिकच या कामात अशा स्त्रिया मोठ्या संख्येने भेटतात, ज्यांचा जन्म एका देशात, शिक्षण दुसऱ्या देशात आणि नोकरी कधी तिसऱ्याच ठिकाणी असते. मराठी मुलींना ही वाट नवी वाटते. प्रत्यक्षात तिच्यावरची मराठी पावले एकशे चाळीस वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांची नोंद एका परक्या ग्रहाच्या नकाशावर आहे.

शुक्रावरची तीन नावे

शुक्र हा कायमचा ढगांनी झाकलेला ग्रह. दुर्बिणीतून त्याचा पृष्ठभाग कधीच दिसत नाही. १९८९ मध्ये नासाने मॅजेलन नावाचे यान तिकडे पाठवले. १९९० ते १९९४ या काळात त्याने शुक्राभोवती फिरत रडारच्या साहाय्याने जवळजवळ सगळ्या पृष्ठभागाचा नकाशा काढला. सालेकशावरच्या पावसाळी ढगांतून निसार ज्या तत्त्वाने पाहतो, तेच तत्त्व तिथे वापरले होते. शेकडो विवरे पहिल्यांदाच स्पष्ट दिसली आणि त्यांना नावे देण्याचे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाकडे आले. शुक्राच्या बाबतीत संघाचा नियम असा, की मोजके अपवाद सोडले तर तिथली नावे स्त्रियांचीच असावीत. वीस किलोमीटरपेक्षा मोठ्या विवरांना इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांची नावे दिली जातात.

त्या यादीत एका विवराचे नाव जोशी आहे. सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे हे विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे. दुसऱ्याचे नाव मेधावी. ते पंडिता रमाबाईंचे, कारण रमाबाई लग्नानंतर रमाबाई डोंगरे मेधावी या नावाने ओळखल्या जात. तिसऱ्याचे नाव जिराड. डॉ. जेरुशा जिराड या बेने इस्रायली समाजातल्या. पुण्यात आणि मुंबईत शिकून त्या लंडनला गेल्या, तिथे एम.डी. झाल्या आणि परत येऊन मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या.

या तिघींपैकी एकीचेही क्षेत्र अवकाशाचे नव्हते. तरीही या प्रकरणात त्यांना मानाची जागा आहे, कारण पुढच्या सर्वजणींना जे करावे लागले ते त्यांनी आधी करून दाखवले. आनंदीबाईंचा जन्म १८६५ साली कल्याणचा. एप्रिल १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. इथे जे शिक्षण स्त्रीला मिळत नव्हते, ते देणारे कॉलेज फिलाडेल्फियात होते. थंडी, परकी भाषा, परके अन्न, ढासळती प्रकृती या सगळ्यांतून जाऊन ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाई अमेरिकेत राहिल्या, गावोगावी व्याख्याने देत त्यांनी निधी उभा केला आणि १८८९ मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन काढले.

जिथे विद्या आहे तिथे जायचे, त्यासाठी पैसा उभा करायचा, परक्या लोकांत आपले माणूसपण टिकवायचे आणि शिकलेले कामी लावायचे, ही चार कामे त्या काळी करावी लागली आणि आजही करावी लागतात.

कल्याणची दुसरी मुलगी

आनंदीबाईंच्या कल्याणमध्येच, कोळसेवाडी भागात, संजल गावंडे लहानाच्या मोठ्या झाल्या. घर मध्यमवर्गीय, नोकरदारांचे. मुंबई विद्यापीठातून त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. या शाखेच्या वर्गात मुली तेव्हाही थोड्या असत आणि आजही थोड्याच असतात. २०११ मध्ये त्या अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पुढच्या शिक्षणासाठी गेल्या. पदव्युत्तर शिक्षणानंतर पहिली नोकरी बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी मरीन या कंपनीत. नंतर टोयोटाच्या शर्यतीच्या गाड्यांच्या विभागात. त्यानंतर ब्लू ओरिजिन या अवकाश कंपनीत सिस्टिम्स इंजिनिअर. मधल्या काळात त्यांनी विमान चालवण्याचा परवानाही मिळवला.

बोटीचे इंजिन, शर्यतीची गाडी आणि अवकाशयान या तीन गोष्टी दुरून वेगळ्या दिसतात. अभियंत्याच्या टेबलावर त्या फार जवळच्या आहेत. तिन्हींत इंधन जळते, धातू तापतो, यंत्र थरथरते. तिन्हींत वजन कमी ठेवावे लागते आणि तरी काही तुटता कामा नये. शर्यतीच्या गाडीत एक बोल्ट सैल झाला तर शर्यत जाते. अवकाशयानात माणसांचा जीव जातो. म्हणून सिस्टिम्स इंजिनिअरचे काम फार जोखमीचे असते. इंजिन, टाक्या, झडपा, संगणक, पॅराशूट हे प्रत्येक जण आपापले बरोबर बनवतो, पण ते एकत्र आल्यावर एकमेकांना त्रास देणार नाहीत याची खात्री कुणीतरी करावी लागते. एका भागातला बदल दुसऱ्या दहा भागांवर काय परिणाम करील, हे आधी ओळखावे लागते, तपासून घ्यावे लागते आणि लिहून ठेवावे लागते.

ब्लू ओरिजिनच्या ज्या न्यू शेपर्ड यानावर संजल आणि त्यांचे सहकारी काम करत होते, ते २० जुलै २०२१ रोजी पहिल्यांदा माणसांना घेऊन पश्चिम टेक्सासमधून उडाले. यान सुमारे १०७ किलोमीटर उंचीवर गेले आणि दहा-एक मिनिटांत परत आले. आतल्या चौघांमध्ये ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. अंतराळवीरांना द्याव्या लागणाऱ्या वैद्यकीय चाचण्या ज्या अमेरिकी महिला वैमानिकांनी १९६१च्या सुमारास पार केल्या होत्या, त्यांतल्या त्या एक. त्या वेळी बाई म्हणून त्यांना संधी नाकारली गेली. साठ वर्षांनी त्या ज्या यानातून वर गेल्या, ते घडवणाऱ्या चमूत कल्याणची मुलगी होती.

पासपोर्टचा दरवाजा

संजल गावंडे यांनी नासातही अर्ज केला होता. नागरिकत्वाच्या अटीमुळे तिथे जमले नाही, असे त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत आले आहे. परदेशी जाऊन अवकाशक्षेत्रात काम करू पाहणाऱ्या प्रत्येक मुलीला ही अट लवकर समजायला हवी, म्हणून ती इथे नीट सांगतो.

अग्निबाण आणि क्षेपणास्त्र यांचे तंत्र बरेचसे एकच. त्यामुळे अमेरिकी कायदा अवकाशयानाशी संबंधित बहुतेक तांत्रिक माहिती शस्त्रास्त्रांच्या माहितीइतकी जपतो. या नियमांना तिथले लोक थोडक्यात आयटार म्हणतात. ही माहिती अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्ड असलेल्या कायम रहिवाशांना पाहता येते. इतरांना दाखवायची तर सरकारी परवानगी लागते. नासाच्या थेट सरकारी नोकऱ्या सहसा नागरिकांसाठीच असतात आणि अंतराळवीर व्हायला तर नागरिकत्व सक्तीचेच आहे. खासगी कंपन्या ग्रीन कार्डधारकाला घेऊ शकतात. जेपीएल चालवते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही शिक्षणसंस्था, म्हणून तिथले नियम नासाच्या थेट नोकरीपेक्षा थोडे निराळे. युरोपीय अवकाश संस्थाही मुख्यतः आपल्या सदस्यदेशांच्या नागरिकांना घेते.

कल्पना चावला यांच्या वाटेवर हा दरवाजा स्पष्ट दिसतो. कर्नालमध्ये जन्म, १९८२ मध्ये चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी, १९८४ मध्ये टेक्सासमध्ये एम.एस., १९८८ मध्ये कोलोरॅडोत पीएच.डी. त्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रात संशोधन सुरू झाले. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांना १९९१ मध्ये मिळाले आणि अंतराळवीर म्हणून निवड झाली ती त्यानंतर, १९९४ मध्ये. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या पहिल्यांदा अवकाशात गेल्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना कोसळले, त्यात त्यांचा मृत्यू झाला. पदवीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत पंधरा वर्षे गेली. हे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवूनच मुलीने आणि तिच्या घरच्यांनी निर्णय घ्यावा.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स ही गाडी मंगळावर उतरली, तेव्हा नियंत्रण कक्षातून एकेक टप्प्याची घोषणा करणारा आवाज डॉ. स्वाती मोहन यांचा होता. जन्म बंगळुरूचा, वयाच्या पहिल्याच वर्षी आईवडिलांबरोबर त्या अमेरिकेत गेल्या. उतरणाऱ्या यानाची दिशा आणि वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या चमूचे त्या नेतृत्व करत होत्या. त्याच दिवशी जेपीएलमधून या घटनेचा स्पॅनिश भाषेतला कार्यक्रम सादर करत होत्या डायना त्रुहियो. त्या कोलंबिया देशातल्या काली शहराच्या. सतराव्या वर्षी खिशात तीनशे डॉलर घेऊन त्या अमेरिकेत आल्या. इंग्रजी येत नव्हते. लोकांच्या घरांची साफसफाई करत त्या इंग्रजी शिकल्या, मग कॉलेज, मग अभियांत्रिकी, मग मंगळाच्या मोहिमा. ज्यांना वाटते की इंग्रजी नाही म्हणजे सारे संपले, त्यांनी डायनाची ही वाट लक्षात ठेवावी.

जग खोडदला येते

परदेशी जाणे हा एकच मार्ग आहे, असे मात्र कुणी समजू नये. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिचे नाव जीएमआरटी. तिचा वेळ मिळावा म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ अर्ज करतात. इटलीतल्या बोलोन्याच्या तिझियाना वेंतुरी यांनी याच दुर्बिणीने दीर्घिकासमूहांचे मोठे सर्वेक्षण केले. दोन दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळतात, तेव्हा लाखो प्रकाशवर्षे पसरलेला अंधुक रेडिओ प्रकाश निर्माण होतो. तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यांना शोधायचे होते. हे सर्वेक्षण पुढे वाढवणाऱ्या डॉ. ऋता काळे काही काळ बोलोन्यात काम करून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात आल्या. दुर्बीण जुन्नर तालुक्यातली, संशोधन इटलीत आणि पुण्यात, निष्कर्ष साऱ्या जगाचे.

मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत धावणारा लेसर आणि टोकाला अतिशय काळजीने टांगलेले आरसे, अशी तिची रचना असेल. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर टिपली. त्या कामातल्या आघाडीच्या शास्त्रज्ञ नर्गिस मावलवाला लाहोरला जन्मलेल्या, कराचीत वाढलेल्या पारशी कुटुंबातल्या. आज त्या अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विज्ञान विभागाच्या प्रमुख आहेत.

सालेकशाहून निघणाऱ्या वाटा

सालेकसा हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे. घरात गोंडी किंवा पोवारी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, अशा तीन भाषांत इथले मूल सहज वावरते. परक्या माणसांत बोलायला-ऐकायला जी सवय लागते, ती त्याला लहानपणीच लागलेली असते. चौथी भाषा शिकणे त्याला जड नाही. कमी पडते ती माहिती, म्हणून ती इथे क्रमाने देतो.

नववीतल्या विद्यार्थ्यांसाठी इस्रो २०१९ पासून युविका हा कार्यक्रम घेते. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडलेल्या मुलांना इस्रोच्या केंद्रांत नेऊन शिकवले जाते. अर्ज ऑनलाइन असतो आणि ग्रामीण शाळांतल्या मुलांना निवडीत जादा गुण मिळतात.

दहावीनंतर विज्ञान घेताना गणित सोडू नये. गणित सुटले की अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही रस्ते एकदम बंद होतात. मुलगी आहे, झेपणार नाही, असे म्हणून पुष्कळदा मोठी माणसेच तो विषय सोडायला लावतात. हे नुकसान पुढे भरून निघत नाही.

बारावीनंतर तिरुवनंतपुरमला अवकाश विभागाची स्वतःची शिक्षणसंस्था आहे, आयआयएसटी. २००७ मध्ये ती सुरू झाली आणि तिथल्या बी.टेक.चा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. तिथे जमले नाही तरी कोणत्याही चांगल्या कॉलेजातून मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरची पदवी घेऊन इस्रोची भरती परीक्षा देता येते.

उपग्रहांच्या चित्रांवर काम करायचे असेल, तर महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे, १९८८ पासून. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य घेते. निसारची चित्रेही सर्वांसाठी खुली ठेवण्याचे धोरण आहे. सालेकसा तालुक्यातली धानाची बांधी, बाघ नदीचे पात्र आणि कचारगडचे जंगल त्या चित्रांत आहेत. तालुक्याची जमीन पायांखालून ओळखणारी मुलगी ती चित्रे वाचायला शिकली, तर तिचा अभ्यास दूरच्या तज्ज्ञापेक्षा खोल जाईल. चित्रात अमुक ठिकाणी उजळ का दिसते, हे ती शेतात जाऊन पाहू शकते.

परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा देशभरात मोजक्या आहेत आणि त्यांतला काही हिस्सा मुलींसाठी राखीव असतो. राज्य सरकारच्याही अशा योजना आहेत. आनंदीबाईंच्या वेळी ओळखीपाळखीतून आणि वर्गणीतून जे जमवावे लागले, त्यासाठी आज अर्ज करता येतो. हा फरक मोठा आहे आणि त्याचा लाभ घेणे हा मुलींचा हक्क आहे.

आजवरच्या या सर्वजणींची हुशारी निर्विवाद आहे. पण त्यांच्या प्रत्येकीच्या वाटेवर योग्य वेळी माहिती देणारे, अर्ज भरायला लावणारे आणि पाठीशी उभे राहणारे कुणीतरी होते. सालेकसा, आमगाव, देवरी या तालुक्यांतल्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणून एवढीच विनंती आहे, की मुलीला गणित सोडू देऊ नका आणि ती नववीत जाईल त्या वर्षी युविकाचा अर्ज मुदतीच्या आत भरून द्या.